दहावी प्लेट

"बघा, असं," डॉक्टर दिवाण म्हणाले आणि कापसाची काडी त्यांनी स्वतःच्याच नाकपुडीत घातली. "आत, जरा वर. पाच वेळा फिरवायची, मग दुसऱ्या बाजूला. दुखत नाही, साधी शिंकसुद्धा येत नाही. यात लाजायचं काय?"

नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. चार आया, तीन सिस्टर, दोन वॉर्डबॉय आणि काड्यांचा ट्रे धरलेली मी. मी तिथली लॅब टेक्निशियन, तेवीस वर्षांची, नोकरीला लागून चौदा महिने झालेली. मिरजेतला हा दवाखाना फक्त बाळंतपणाचा आणि लहान मुलांचा. डॉक्टर दिवाण त्याचे मालक.

"साहेब," रांगेतून अक्काताईंचा आवाज आला, "लहानपनी नाकात बोट घातलं की आई हातावर फटका द्यायची. आता पन्नाशीत तुम्ही काडी घाला म्हंताय."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. त्यांनी काडी माझ्या ट्रेमध्ये टाकली. "चौगुले, घे आता यांचं. यादीत नऊ नावं आहेत."

हसू आलं खरं, पण ते फार वेळ टिकलं नाही. त्या आठवड्यात तीन बाळांच्या अंगावर पिवळ्या पाण्याचे फोड उठले होते. मांड्यांच्या घडीत, गळ्याखाली, नाळेपाशी. त्यातलं कोऱ्यांचं बाळ तापाने फणफणून काचेच्या पेटीत होतं. फोडांतल्या पुवातून मी जंतू वाढवून पाहिला होता. लाल प्लेटवर सोन्याच्या दाण्यांसारखा उगवणारा, नेहमीचा, ओळखीचा. हा माणसांच्या नाकात राहतो. म्हणून नाकं तपासायची होती.

यादीत डॉक्टर एकही नव्हता. दवाखान्यात तीन डॉक्टर होते आणि तिघेही दिवसातून चार वेळा त्या बाळांवर वाकत होते. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही.

लॅबमध्ये नऊ काड्या नऊ प्लेटांवर घासल्या आणि ट्रेमध्ये ती दहावी उरली. टाकून द्यायची होती. पण माझे शिकवणारे सर म्हणायचे, हातात आलेला नमुना प्लेटशिवाय कचऱ्यात जाता कामा नये. त्या सवयीने मी दहावी प्लेट काढली. तळाला मार्करने लिहिलं, '१० – दि.', आणि बाकीच्या नऊ प्लेटांशेजारी, जंतू वाढवायच्या उबेच्या कपाटात ठेवून दिली.

अक्काताई म्हणजे अक्काताई माने. एकवीस वर्षं त्या वॉर्डात आया. प्रसूतीच्या खोलीतून बाळ बाहेर आलं की आधी त्यांच्या हातात यायचं. पुसून, गुंडाळून झालं की त्या बाळाची टाळू हुंगायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायका लेकराचा मुका घेत नाहीत, हुंगतात. नाक टाळूला टेकवून, डोळे मिटून, लांब श्वास. मग बाळ आईच्या कुशीत ठेवताना सांगायच्या, "हिला तांदळाच्या पेजेचा वास हाय." "ह्याला कवळ्या मक्याचा." "हे बघ, हिला नव्या परकराचा वास येतोय, नटवी निघनार." वेणांनी मोडून पडलेल्या बायका तेवढ्यातही हसायच्या. काही जणी मुलं पाच-सहा वर्षांची झाल्यावर येऊन विचारायच्या, "अक्काताई, हिचा काय वास सांगितला होता हो?" त्यांना आठवायचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः लॅबमध्ये आले. लॅब तळघरात, ते सहसा खाली उतरत नसत.

"कुणाकुणाचं उगवलंय?"

"दोन नंबर, एस्तेर सिस्टर. सहा नंबर, अक्काताई. नऊ नंबर, वॉर्डबॉय शिवगोंडा. आणि सर, दहावी..."

"दहावी कुठली? यादीत नऊच आहेत." त्यांची नजर मोबाइलवर होती. "अक्काताई म्हणजे तीच ना, बाळांची डोकी हुंगते ती?"

"हो."

एवढंच मी म्हणाले. हो. नंतर त्या एका अक्षराचा मी हजार वेळा विचार केलाय.

"मग झालं तर. सापडलं."

"सर, नाकात असणं वेगळं. ते तिघांत एकाच्या नाकात असतंच. बाळांमधला जंतू हाच का, ते औषधांच्या चकत्या लावल्यावर कळेल. उद्या सकाळी."

"उद्यापर्यंत कोरे थांबणार नाहीत. सकाळपासून त्यांची चार माणसं माझ्या केबिनमध्ये बसलीत. पेपरवाल्याला फोन करतो म्हणतात." मोबाइल खिशात गेला. "सिस्टर माझ्याकडे तीनच आहेत, त्यांना हात लावता येत नाही. शिवगोंडा बाळांना उचलत नाही. बाईला घरी पाठवतो. त्यांनाही दिसेल की आपण काहीतरी केलंय."

ते गेले. दहावी प्लेट माझ्या हातात होती. तिच्यावरही तेच सोनेरी दाणे होते, भरगच्च, कडेपर्यंत. मी ती परत उबेला ठेवली. चारही जणांचे जंतू नव्या प्लेटांवर पसरून, तळाला तेच नंबर लिहून, औषधांच्या चकत्या लावल्या, बाळांच्या जंतूलाही लावल्या, आणि हात धुतले. खूप वेळ धुतले.

अक्काताईंना बाराच्या सुमारास घरी पाठवलं. नुसतं पाठवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण डॉक्टरांनी कोऱ्यांना नाव सांगितलं. संध्याकाळी पाच वाजता कोऱ्यांची म्हातारी, बाळाची आजी, दोन सुनांना घेऊन रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत गेली आणि अक्काताईंच्या दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली. विषारी नाकाची. लेकरं खाणारी. हे मला एस्तेर सिस्टरनी सांगितलं. एस्तेर सिस्टर आमच्या वॉर्डाच्या मुख्य. सांगताना त्या सारख्या स्वतःच्या नाकाला हात लावत होत्या.

"सुलक्षणा, माझ्या नाकात पण आहे ना गं ते?"

"आहे."

"मग मला का नाही घालवलं?"

"तुम्ही तीनच आहात म्हणून."

नाकावरचा हात काढून त्या वॉर्डाकडे गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लॅब उघडते तोच अक्काताई पायऱ्या उतरून आल्या. नेहमीची निळी साडी नव्हती, घरातलं लुगडं होतं. पदर नाकावरून घट्ट घेतलेला.

"मला दाव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या नाकातलं. एकवीस वर्सं लेकरांस्नी हात लावला. काय लावलं त्यास्नी ते तरी बघू दे."

मी त्यांची पहिली प्लेट, सहा नंबरची, उजेडात धरली. लाल जमिनीवर बारीक करडे, पांढरे ठिपके पसरले होते, राईसारखे, दाट. त्यांच्यात कुठे कुठे एखादा सोनेरी दाणा.

"ह्ये पिवळं?"

"हं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आन ती बाकीची कोन?"

"ती पण नाकातलीच. अक्काताई, नाक कुणाचंच रिकामं नसतं. तुमचं, माझं, कुणाचंच. पूर्वी डॉक्टर लोक म्हणायचे, नाकात असेल, पण कपाळामागच्या, गालामागच्या पोकळ्या तरी स्वच्छ असतात. तसंही नाही निघालं. तिथेही वस्ती असते. चांगल्या धडधाकट माणसाच्या. बहुतेक गरीब असतात बिचारे, कुणाला काही करत नाहीत. उलट जागा धरून बसतात, वाईट येणाऱ्याला टेकू देत नाहीत."

"म्हंजे आत गाव हाय."

"गावच म्हणा."

"आन ह्यो पिवळा?"

"हा जरा दांडगा. पण तोही तिघांत एकाच्या गावात असतो. एरवी काही करत नाही. नाजूक कातडी मिळाली, जखम मिळाली, की मग."

त्या प्लेटकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग सगळ्यांची गावं हायती तर माझंच का पेटवलं गं ह्यांनी?"

मी उबेच्या कपाटातून चकत्यांच्या प्लेटा काढल्या.

हे वाचणं फार सोपं असतं. प्लेटभर जंतू पसरून त्यावर औषधांच्या छोट्या पांढऱ्या चकत्या ठेवतात. औषध चाललं तर चकतीभोवती जंतू मरतात आणि रिकामं वलय पडतं. नाही चाललं तर जंतू चकतीला खेटून उगवतात. बाळांच्या जंतूला दोन चकत्यांभोवती वलयच नव्हतं. अक्काताईंच्या जंतूला सगळ्या चकत्यांभोवती होतं, चांगलं रुपयाएवढं. एस्तेर सिस्टरच्याही, शिवगोंडाच्याही.

दहावीला दोन चकत्यांभोवती नव्हतं. त्याच दोन.

"काय झालं?" अक्काताईंनी विचारलं. "तोंड का असं केलंस?"

"तुमचा नाही. बाळांना झाला तो तुमचा नाही."

अक्काताई खुर्चीवर बसल्या. पदर नाकावरून खाली आला आणि त्यांना कळलंही नाही.

"मग कुनाचा?"

मी सांगितलं नाही. म्हणाले, "वर या माझ्याबरोबर. बाहेर बाकावर बसा."

साडेअकराला डॉक्टरांनी वॉर्डात सगळ्यांना बोलावलं होतं. हात कसे धुवायचे, बाळाला उचलण्याआधी काय करायचं, असं सांगायला. ते चांगलं सांगत. आवाज शांत, हात स्वच्छ, नखं बारीक कापलेली. मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा ते म्हणत होते, "...आणि हे हुंगणं वगैरे अडाणीपणाचे प्रकार इथे चालणार नाहीत. एका बाईच्या सवयीने तीन बाळं..."

"सर," मी म्हणाले. "चकत्यांचे रिझल्ट आलेत."

"दे, नंतर बघतो."

"आत्ताच बघा ना सर. तुम्ही वाचलेलं बरं. माझं चुकायला नको."

सगळ्यांसमोर कोण नाही म्हणेल? मी बाळांची प्लेट टेबलावर डावीकडे ठेवली, उजवीकडे चार प्लेटा ओळीने. झाकण वर, नाव खाली. "यातली बाळांशी जुळणारी कुठली, तेवढं सांगा."

त्यांनी चष्मा वर केला. डॉक्टर म्हणून ते हुशार होते, हे मी आजही नाकारत नाही. अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांच्या स्वच्छ बोटाने शेवटची प्लेट पुढे ओढली.

"ही. दोन औषधांना दाद नाही, बाकी तंतोतंत. बघा सगळे. म्हणूनच म्हणतो, पुरावा असला की वाद राहत नाही."

"उलटी करा सर."

त्यांनी उलटी केली. तळाला '१० – दि.' होतं.

वॉर्डात एक बाळ रडत होतं. मग एस्तेर सिस्टर म्हणाल्या, अगदी आदराने, "सर, तुम्ही पण हुंगता का हो?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते माझ्याकडे वळले.

"डेमोचा स्वॅब रिपोर्टात नसतो, चौगुले."

"हो सर."

"आणि वलयं जुळली म्हणजे तोच उगम असं सिद्ध होत नाही. शिकवलं नव्हतं का तुला?"

"शिकवलंय सर. नाही सिद्ध होत." मी सहा नंबरची प्लेट पुढे सरकवली. "पण अक्काताईंचं तर जुळलंही नाही."

त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली. सगळ्यांना कामाला जायला सांगितलं, मला आणि एस्तेर सिस्टरना थांबवलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या अक्काताईंना आत बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा ते पेशंटच्या नातेवाइकांसाठीचं हसू आलं होतं.

"अक्काताई, गैरसमज झाला थोडा. उद्यापासून या कामाला. फक्त ते हुंगणं बंद करायचं. बरोबर नाही ते बाळांसाठी."

"न्हाई हुंगत," अक्काताई म्हणाल्या. "बरोबर न्हाई तर न्हाई. पर तुम्ही कोऱ्यांच्या म्हातारीला सांगा."

"काय सांगू?"

"माझं नव्हतं म्हनून."

"अहो, हे मेडिकल विषय असतात. त्यांना नाही कळायचं."

"काल कळलं की त्यास्नी."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "हे बघा, बाळ बरं होतंय. आता तो विषय उकरून काढून कुणाचं भलं होणार आहे?"

"माझं," अक्काताई म्हणाल्या.

ते उठून राउंडला गेले. पांढरा कोट दारातून बाहेर जाताना मी पाहिला. त्याच्या खिशात पेन होतं, ते काढून त्यांच्या पाठीवर '१० – दि.' असं मोठं लिहावं, असं वाटत होतं. इतका राग मला त्यापूर्वी कधी आला नव्हता. अंग गरम झालं होतं. आपण सरळ उभ्या राहिलो, बोललो, याची एक धुंदीही होती त्यात. ती धुंदी अक्काताईंनी एका वाक्यात उतरवली.

"पोरी, तू चल माझ्यासंगं. त्या म्हातारीकडं. तुझ्याकडं कागुद हाय, तू शिकलेली हायस. तुझं ऐकंल ती."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्याच क्षणी मला माझं अनुभवाचं प्रमाणपत्र आठवलं. दहा महिन्यांनी दोन वर्षं पुरी होणार होती, पुण्यातल्या मोठ्या लॅबसाठी ते लागणार होतं, आणि त्यावर सही याच माणसाची असणार होती. वॉर्डात चार भिंतींच्या आत बोलणं वेगळं. पेशंटच्या घरी जाऊन मालकाचं नाव घेणं वेगळं.

"उद्या जाऊ," मी म्हणाले. "उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी अक्काताई दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. मी रिक्षातून लांबूनच पाहिलं आणि मागच्या दाराने आत गेले. दुपारी एक वाजता लॅबच्या झरोक्यातून वर बघितलं तर फाटकापाशी त्यांचे पाय दिसत होते, चपला, लुगड्याची कड. दीडला पाय नव्हते. त्याच्या पुढच्या दिवशीही त्या आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. कामावरही पुन्हा कधी आल्या नाहीत.

रिपोर्ट मी नऊ जणांचा टाइप केला. दहावी प्लेट बाकीच्या प्लेटांबरोबर उकळत्या वाफेत टाकली. दिवाणांच्या टेबलावर आठवडाभर नाकात लावायच्या मलमाची ट्यूब होती, एस्तेर सिस्टरनी पाहिली. बाळांचे फोड थांबले. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांनी लिहिलं, 'कामात अत्यंत चोख.'

याला सहा वर्षं झाली.

मागच्या कार्तिकात मी बाळंतपणाला जयसिंगपूरला माहेरी आले. मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना तिचं नाक चोंदलं. इवल्या नाकपुड्यांतून शिट्टीसारखा आवाज यायचा. दूध ओढता ओढता थांबायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, माझ्याकडे तक्रार केल्यासारखी बघायची, पुन्हा ओढायची. मी मिठाच्या पाण्याचे थेंब घालायचे आणि मांडीवर घेऊन बसायचे. माझ्या धंद्याने मला सुखाने बसू दिलं नाही. मनात यायचं, या मसुराच्या डाळीएवढ्या भोकांत आता वस्ती झाली असेल. पहिले रहिवासी कुठून आले असतील? माझ्याच नाकातून. मी तिला किती हुंगते! कुणी मला सांगेल का, की हुंगू नकोस? कुणी माझ्या दारात येऊन ओरडेल का?

दुसऱ्या आठवड्यात नाक मोकळं झालं. त्या दिवशी मी आईला म्हणाले, मिरजेला जाऊन येते.

"एवढ्याशा पोरीला घेऊन? कशाला?"

"काम राहिलंय एक."

माझी जुनी कामाची वही मी लॅब सोडताना बरोबर आणली होती, तिच्यात दहाही प्लेटांची नोंद होती. ती पिशवीत घातली.

अक्काताई दारात चिंचा फोडत बसल्या होत्या. पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या मुलीकडे, आणि पदर झटकन नाकावर घेतला. मग त्या पदराआडून म्हणाल्या,

"उजाडला व्हय तुझा उद्या?"

मी उभीच राहिले.

"दोन दीस फाटकाशी हुभी व्हते मी. तू मागनं गेलीस. मला दिसत नव्हतं व्हय? रिक्षात डोकं खाली घालून बसलेली दिसलीस की."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हनं!" त्यांनी चिंच आपटली. "साहेबाचा राग न्हाई मला. त्यो साहेबच. तुझा आला. तुला ठावं व्हतं. सगळ्यात तुलाच ठावं व्हतं."

मी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मुलगी त्यांच्या नाकावरच्या पदराकडे टक लावून बघत होती.

"पदर का घेतलात?" मी विचारलं.

"आता सवंच लागली. ल्योकाचा पोरगा झाला तवाबी घेतला. सून म्हनली, आत्या, घ्या की हुंगून. पर माझाच जीव धजंना. आतलं गाव आठवायचं." त्या जरा थांबल्या. "तीन वर्साचा झाला त्यो. कसला वास हाय त्याला, मला ठावं न्हाई."

मी वही काढली. "चला. आत्ता. कोऱ्यांकडे."

त्यांनी हातातली चिंच ढिगावर टाकली. मग हात लुगड्याला पुसले आणि उठल्या.

कोऱ्यांचं घर कापड दुकानाच्या वर होतं. म्हातारी टीव्हीसमोर पलंगावर बसली होती, हातात रिमोट. एक सहा वर्षांचा गुबगुबीत मुलगा जमिनीवर मोटारी फिरवत होता. मी माझं नाव सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं, वही उघडली आणि तारखेनिशी वाचून दाखवलं. फोडांतला जंतू असा, अक्काताईंच्या नाकातला तसा. जुळला नव्हता. दहा नंबरचं कुणाचं होतं, तेही सांगितलं.

म्हातारीने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

"कसले फोड?"

"तुमच्या नातवाला. जन्मल्यावर. तो काचेच्या पेटीत होता."

"हां हां, झालं होतं खरं काहीतरी. आठ दिवसांत बरा झाला. दिवाण डॉक्टर देवमाणूस." तिने अक्काताईंकडे पाहिलं. "आणि ह्या कोण?"

अक्काताईंनी नाकावरचा पदर आणखी घट्ट केला.

"ह्यांच्या दारात येऊन तुम्ही ओरडला होता," मी म्हणाले. "विषारी नाकाची म्हणाला होता. सगळ्या गल्लीसमोर."

"मी? छे गं बाई. मी कशाला कुणाच्या दारात जाऊ?" ती खरंच आठवत होती. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. तिला काही सापडलं नाही. "बाळंतपणाच्या घाईत बोलले असेन काही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चहा टाकायला सांगू का?"

सहा वर्षं. सहा वर्षं एका बाईने तोंडावर पदर घेतला, आणि जिच्यामुळे घेतला तिला ती माहीतही नव्हती. तो रिमोट हिसकावून भिंतीवर फेकावा असं मला वाटलं. मी फेकला असता. कडेवर मुलगी होती.

"नको चहा," मी म्हणाले. "त्यांना म्हणा, तुमचं नव्हतं. एवढंच म्हणा."

"बरं बाई, नव्हतं तुमचं," म्हातारी म्हणाली आणि आवाज पुन्हा वाढवला.

जिना उतरून आम्ही गल्लीत आलो. ऊन होतं. दुकानाचा नोकर बाहेर साड्यांचे गठ्ठे उतरवत होता. अक्काताई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या. राग येऊन येऊन थकलेलं माणूस हसतं तशा.

"ऐकलंस का? ठावंच न्हाई तिला. आन मी बसलीया नाक झाकून."

मग त्यांनी हात पुढे केले. "आन हिकडं."

मी मुलगी दिली. एकवीस वर्षांचे हात ते, मान कुठे धरायची ते विसरले नव्हते. एका हाताने त्यांनी तिला छातीशी घेतलं, दुसऱ्या हाताने पदर खाली ओढला, आणि भर गल्लीत, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, नाक तिच्या टाळूला टेकवून डोळे मिटले.

मी थांबले. बराच वेळ झाला. मुलगी हलली नाही. शेवटी मला राहवलं नाही.

"काय वास येतोय, अक्काताई?"

"थांब की," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "सहा वर्सांनी घेतीया. घेऊ दे."